ओट्याखालची डागी फरशी

प्रिय बाबा,

आज सकाळी आपल्या सापगावच्या घरातला ओटा फोडला. आईला आता वाकवत नाही, जरा उंच ओटा हवा होता. खाली आधाराला उभी लावलेली कडप्पा फरशी निघाली आणि गवंडी विचारायला आला, फेकू का? त्याला थांबवून लिहायला बसलोय. आयुष्यभर वर्तमानपत्राला मजकूर वेळेवर दिला, हा मात्र राहून गेला.

आठवते ना ती फरशी? नव्वदीच्या सुरुवातीला शहापूरच्या दुकानात डागी म्हणून पडून होती, ती तुम्ही मागून आणलीत. कोबी मधोमध चिरल्यासारख्या रेघा, घुमटावर घुमट. तुम्ही लोकांकडे चकचकीत फरशा बसवायच्या आणि आपल्या घरी टाकाऊ! मुरबाडच्या कॉलेजातले माझे मित्र घरी यायचे. लाज वाटायची मला.

तुम्ही म्हणालात, “डाग नाय रे तो. दगड वाढलाय हा. याला डोकं हाय, बघ. ते वरच ठेवायचं.”

दगड वाढत नसतो, एवढं तरी शिकून घ्या, असं मी आईदेखत बोललो.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर फरशी ओट्याखाली उभी बसवून तिचं तोंड तुम्ही भिंतीकडे फिरवलं होतं. आई म्हणाली, “आता येऊ देत तुझे साहेबलोक.” तुम्ही चहा पीत राहिलात. का नाही रागावलात, बाबा?

गेल्या महिन्यात पुरवणीसाठी भूशास्त्राच्या एका बाईंना भेटलो. त्यांच्या टेबलावर तसाच दगड होता. मासे नव्हते, झाडं नव्हती, त्या काळच्या उथळ समुद्राचा तळ, असं त्या सांगत होत्या. तळावर चिकट शेवाळाची साय धरायची, तिच्यावर गाळ बसायचा, उजेडासाठी शेवाळ पुन्हा गाळाच्या वर यायचं. थरावर थर.

“म्हणजे दगड वाढलाय?” मी विचारलं.

“वाढलाच की. घुमट जिकडे, ती त्याची वरची बाजू.”

तुम्हाला कुठून कळलं होतं हे? विचारणार कुणाला? तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आज फरशी निघताना मी आधी तेवढंच पाहिलं. तोंड भिंतीकडे होतं, कुणाला कधी दिसणार नव्हतं. तरी तुम्ही डोकं वरच ठेवलं होतंत.

ती आता ओसरीच्या दर्शनी भिंतीत बसेल, तोंड बाहेर करून. सिमेंट मी स्वतः भरेन. कुणी डाग म्हणालं, तर तुमचंच वाक्य सांगेन, तुमचं नाव घेऊन.

तुमचा,
बाळू