खाडा

बाबा,

आज लिहायला बसले, कारण पोटात जळतंय आणि ते ऐकून घेईल असं घरात कुणी नाही. दाल बाजारातल्या आडत्याची ती हिंदी बोलणारी मुलगी आठवते? आठवणारच, तुमची लाडकी होती. खासगी बाजारातल्या आपल्या गच्चीवर तुम्ही सकाळी आसनं शिकवायचात, तिथे ती आली तेव्हा तिला धड वाकताही येत नव्हतं. निघताना तुम्ही सवयीने मराठीतच बजावलंत, "उद्यापासून खाडा करू नकोस हं!" दुसऱ्या दिवशी ताडासनाला सगळे उभे आणि ही बया मांडी घालून बसलेली. विचारलंत तर म्हणते, "चाचाजी, आपने ही तो कहा था, खड़ा मत होना!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात तुम्ही. मी जिन्याच्या दारात उभी होते. माझ्या कुठल्याच बोलण्यावर तुम्ही असे हसला नव्हतात.

अंग माझं लवचीक होतं, तिचं नव्हे. हलासन मला बघता बघता जमलं, तिचे हात पायाच्या बोटांना टेकेनात. पण मी मनात येईल तेव्हा यायचे आणि ती धुक्यातसुद्धा शाल गुंडाळून हजर. तुम्ही तुमचं लोकरीचं आसन तिला देऊन टाकलंत. मी आईजवळ धुसफुसले, तर स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तुम्ही म्हणालात, "तुला जमतं ना, म्हणून तू येत नाहीस. तिला जमत नाही, म्हणून ती रोज येते. मग आसन कुणाला देऊ?" मी पाय आपटत निघून गेले. आजही ते आठवलं की राग येतो.

आता माझे गुडघे कुरकुरतात. डॉक्टरांनी योग सांगितला आणि कंपू मोहल्ल्यात चांगला वर्ग आहे म्हणून गेले, तर समोर शिकवायला तीच, तुमच्या त्याच आसनावर. माझ्याच वयाची, पण हात न टेकता जमिनीवरून उठते मेली! मला खुर्ची लागते. हेवा वाटतो, अगदी उघड वाटतो. मध्ये मी एक दिवस गेले नाही, तर दुसऱ्या दिवशी भुवया चढवून मला म्हणाली, "दीदी, खाडा करू नकोस हं!" तिला मराठीतलं तेवढं एकच वाक्य येतं, पण हेल हुबेहूब तुमचा, शेवटच्या 'हं'सकट. तुमचा आवाज आपल्या घरात कुठेच जपलेला नाही. ती रोज येऊन ऐकत राहिली, म्हणून तो तिच्याकडे राहिला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तेव्हापासून मी नेमाने जाते, गुडघेही सुधारलेत. फक्त अधूनमधून मुद्दाम घरी बसते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती मला रागावते. उद्या मी जाणार नाही, बाबा.