नोबुचा चेहरा

४ मार्च, मंगळवार

आमच्या खिडकीवर मशीन बसलं एकदाचं! काचेवर ओळखपत्र ठेवा, वरचा कॅमेरा तोंड बघतो, अर्ज आपोआप भरून बाहेर. माणसाने पेन उचलायचं नाही, आणि आम्ही तोंड उघडायचं नाही.

हातानाका-सान फुरंगटून बसल्यात. तीस वर्षं रहिवासी नोंदणीच्या खिडकीवर त्यांचा एकच हातखंडा — कार्ड हातात घेत सहज विचारायचं, "आपलं वर्ष कुठल्या प्राण्याचं हो?" जन्मवर्षाला बारा प्राण्यांपैकी एक असतो, खरा माणूस तो पटकन सांगतो, ससा, साप, काय असेल ते. दुसऱ्याचं कार्ड घेऊन आलेला मनात हिशेब मांडत बसतो! आज साहेब म्हणाले, "हातानाका-सान, आता मशीन बघतंय ना? मग ही बडबड बंद."

६ मार्च, गुरुवार

साहेबांनी यादी काढली. ज्यांची टपालं परत येतात, जे पत्त्यावर राहत नाहीत, त्यांची नावं एप्रिलमध्ये नोंदवहीतून पुसायची. एकशे बारा नावं. अठ्ठ्याहत्तरावं — कुनिएदा नोबुहिसा. आमचा नोबु!

सहा वर्षं झाली त्याला घर सोडून. वडील आधीच गेलेले, मागे आई आणि मी. दर वर्षी त्याचा चौकशीचा कागद येतो आणि मीच तो गठ्ठ्याच्या तळाशी सारते. आईचं एकच म्हणणं — नाव घरात आहे तोवर पोरगं आहे. आता तिला काय सांगू?

७ मार्च

सांगितलं नाही.

११ मार्च, मंगळवार



दुपारी टोकन ४१. तिशीतला माणूस, राखाडी जॅकेट, अदबीने वाकला. गाव सोडतोय, दाखला हवाय. लायसन्स काचेवर ठेवलं. पडद्यावर नाव उमटलं — कुनिएदा नोबुहिसा. जन्मतारीख नोबुची. पत्ता आमचा, अगदी घर क्रमांकासकट.

चेहरा नोबुचा नाही! कपाळ त्याचं नाही, कान त्याचे नाहीत, काहीच नाही. आणि मशीन म्हणतंय, चेहरा जुळला, नव्व्याण्णव टक्के. हिरवा दिवा!

तोंडातून आपोआप निघून गेलं — "आपलं वर्ष कुठल्या प्राण्याचं?"

"घोडा," तो ताबडतोब म्हणाला. मग किंचित हसून, "आई म्हणायची, उधळलेलं घोडं आहे मेलं."

हे आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं आहे. आमच्या तिघांत!

प्रिंटर बिघडलाय, परवा या, म्हटलं. तो पुन्हा वाकला. हिरवा दिवा तसाच चालू राहिला, समोर कुणी नसतानाही.

१२ मार्च

डोकं जरा ताळ्यावर आलंय. लायसन्स गेल्या शरदातलं होतं. नूतनीकरणाला फोटो नवा काढतात — त्याने स्वतःचा काढला. म्हणजे मशीन चुकलेलंच नाही! कार्डावरचा चेहरा त्याचा, समोरचाही त्याचाच. नाव कुणाचं ते बघायला मशीनकडे डोळा नाही. तो डोळा या गावात दोघींकडेच आहे, आईकडे आणि माझ्याकडे.

बोंब मारली तर पोलीस आमच्याच दारात येतील. पहिला प्रश्न — मग खरा नोबुहिसा कुठाय? आईचं वय एकाहत्तर. या प्रश्नाने ती संपेल. गुपचूप कागद अडवून ठेवला तर एप्रिलमध्ये नाव पुसलं जाईल, आणि पुसणारी मीच.

संध्याकाळी आई मुळा किसत होती. मला म्हणाली, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

१३ मार्च, गुरुवार

आला. घरच्यांचा कागद आपण हाताळायचा नसतो, दुसऱ्या खिडकीवर द्यायचा. नाही दिला.

काचेवर वाकून हळूच विचारलं, "तो कुठाय?"

दचकलासुद्धा नाही. माझ्याकडे इतक्या ओळखीने बघत होता की मलाच लाजल्यासारखं झालं. नोबु जेवायला बसताना बघायचा तसं. म्हणाला, "मी नाव घेऊन जातो. मग ते कुणी पुसणार नाही." आणि जरा थांबून — "ताई."

मी बटण दाबलं! सोळा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, उघड्या डोळ्यांनी. दाखला निघाला, अजून गरम होता. तो दोन्ही हातांनी घेऊन गेला. पाठमोरा चालतानाही नोबुच वाटला. आता मलाच कळेनासं झालंय, नोबुचा चेहरा नक्की कसा होता.

१४ मार्च, शुक्रवार

आईला म्हटलं, नोबुने पत्ता बदललाय, कागद आला होता. म्हणजे सुखरूप आहे कुठेतरी. आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं. आई नुसतं "हं" म्हणाली आणि भात वाढून घेतला. रडली नाही, काही विचारलं नाही. मीच न्हाणीघरात जाऊन रडले.

१७ मार्च

आमच्या खिडकीवर सर्वात कमी खोळंबा, म्हणून साहेबांनी शाबासकी दिली.

२० मार्च, गुरुवार. पितरांची सुट्टी

आईबरोबर वडिलांच्या थडग्यावर, घरातल्या सगळ्यांच्या अस्थी ठेवतात तिथे. तिने दगड धुतला, उदबत्ती लावली, पाणी ओतता ओतता खाली वाकून म्हणाली, "नोबु, बघ, ताई आलीय."

"नोबु? इथे?" मी विचारलं.

"तू दाखला दिलास ना, जानेवारीत त्यानेच आणून दिला, अस्थींच्या डब्यातून. नावं बदलून घेतली होती दोघांनी. आपला गेला तो त्याच्या नावाने गेला, जाळलाही त्याच्याच नावाने. मग त्याला नाव कुठलं राहिलं? म्हटलं, घे आमचं." आईने हातरुमालाने दगड पुसला. "तुझी नोकरी जायला नको म्हणून शंभरदा बजावलं होतं मेल्याला — ताईची खिडकी सोडून कुठल्याही खिडकीवर जा!"