पेटीचं दार आतून उघडतं

प्रिय अहो,

रविवारी अकलूजला खेळ आहे आणि मी पुन्हा पेटीत बसणार आहे. तुम्ही गेल्यावर तरी सुटेन असं वाटलं होतं. कुठलं काय! म्हणून हे लिहितेय.

आता जादूगार आपला विनू. तुमचा फेटा, तुमचं खाकरणं, तुमचाच क्रम. आधी कबुतरानं दचकवायचं, मग हसवायचं, शेवटी पेटी. "एखादा खेळ मागंपुढं करू या का रे?" विचारलं, तर म्हणतो, "पप्पांचा खेळ हाय आई. बदल करायचा न्हाय." तुमच्यापेक्षा हट्टी निघाला!

मला पेटीत कुलूपबंद करून तुम्ही चावी हरवायचात, आठवतं? खिसे उलटे करायचात, फेटा सोडायचात, लोक पोट धरून हसायचे. मग ते ठरलेलं वाक्य: "बायकू गेली तर गेली, पेटी नवी हाय की!" त्या हशात मागच्या चोरदाराची कडी वाजली तरी कुणाला ऐकू येत नसे. मी मागून पसार!

पण हशा रंगला की तुम्ही ते वाक्य लांबणीवर टाकायचात. आत गुडघे हनुवटीला, सोलापूरचा उन्हाळा आणि बाहेर टाळ्या. माझा जीव गुदमरतोय, हे एकदा तरी मनात आलं का हो? घरी बोलले तर म्हणायचात, "लोक हसत व्हते की!" पुढे मी बोलणंच सोडलं.

काल घरी तालीम केली. विनूनं चावी हरवली, खिसे उलटले आणि म्हणाला, "आई गेली तर..." पुढे आवाजच नाही. तुम्हाला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. त्या वाक्याशिवाय बाहेर यायचं नाही, ही सवय इतकी मुरलीय की कडी हाताशी असून मी अंधारात बसून राहिले. फार रडले. तुमच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही.

शेवटी त्यानंच कुलूप काढलं. "रविवारी म्हणतो की मी. तू बस फक्त," म्हणाला.

ते वाक्य त्याच्यानं म्हणवणार नाही. आणि त्यानं म्हणूही नये. म्हणून वचन देते: रविवारी त्यानं फेटा सोडायला घेतला की मी वाक्याची वाट बघणार नाही. बाहेर येईन, त्याच्या पाठीमागं उभी राहीन, आणि कुलपाची दुसरी चावी माझ्या हातात असेल. लोकांना मी दिसेन, त्याला नाही. बघा कसा हशा होतो!

तुम्ही असता तर माझ्यावर चिडला असता, आणि पुढच्या खेळात मला तेच करायला लावलं असतं.

तुमचीच,
सुमन