जहराच्या पुढची पांढरी जमीन

भाई,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात धजला नाही. तुझ्यावर इतका राग आहे की आधी तो ओकून टाकतो, मग पुढचं बघू.

तुला जहराच्या कबरस्तानात, मातीत ठेवून अकरा महिने झाले. इतक्या दिवसांत तुझ्याशी मनातल्या मनातही बोललो नाही. आज लिहितोय ते भाभीमुळे. तुझ्या बायकोचं पत्र आलंय, मास्तरांकडून लिहवून न घेता स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात. गावात सगळे म्हणतात, बसऱ्याकडे तुझी दुसरी बाई होती आणि तू लपूनछपून तिच्याकडेच चालला होतास. तिचे वडीलही आता तेच बोलायला लागलेत. ती विचारते, “दाऊद, वाट सोडून ते तिकडं कशाला गेले, ता मला खरा काय ता सांग.”

काय सांगू मी तिला? बोल ना आता!

तुला चालत जायला सांगितलं होतं कुणी? इथल्या शुवैख बंदरावरून बसऱ्याला लॉऱ्या सुटतात. सकाळी बसलं की दिवस मावळायच्या आत माणूस पोचतो. पण नाही, तुला पायीच जायचं होतं, तेही एकट्यानं. का, तर आपल्या गोदामाचा म्हातारा पहारेकरी बू नासर तरुणपणी उंटांच्या तांड्याबरोबर त्या जुन्या वाटेनं बसऱ्याजवळच्या झुबैरपर्यंत जायचा. तो कडू कॉफी पीत विहिरींच्या आणि मुक्कामांच्या गोष्टी सांगायचा आणि तू तोंड उघडं टाकून ऐकायचास. टॅली क्लार्क ना तू? बोटीतून उतरलेल्या पेट्या मोजायच्या सोडून वाटेवरच्या विहिरींची नावं पाठ करत बसलास.

बनेद अल-गार वस्तीतल्या त्या खोलीत आपण सहा कोकणी माणसं राहायचो. सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मी तर रोज भांडलो. तिथे आहे काय, असं विचारलं, तेव्हा पिशवी शिवता शिवता तू म्हणालास, “काय नाय तिथं. म्हणून तर जायचाय. आजवर जिथं गेलो तिथं कुणाच्या तरी कामाला गेलो. एकदा माझा मी जाऊन बघतंय.”

हे ऐकून मला काय वाटलं, सांगू? मत्सर. बायको गावी ठेवून, धाकट्या भावाला गोदामात जुंपून हा माणूस स्वतःसाठी चार दिवस काढणार! मला गॅरेजात इंजिनाचं काम शिकायचं होतं. तू ऐकलंस? मला गावी राहायचं होतं. ऐकलंस? माझे केस कुठल्या न्हाव्यानं कापायचे तेसुद्धा तूच ठरवायचास. तोंडातून शब्द निघायच्या आत ‘गप बस’ म्हणायचास. मी पंचवीस वर्षांचा झालो होतो, भाई.

आणि तयारी तरी कसली! तंबूच्या कापडाची पिशवी बाबा शीड शिवायचे त्या टाक्यानं शिवलीस, ते ठीक. पण आत काय भरलंस? खजूर, तांदळाची भाकरी आणि सुकट! उन्हाळा तोंडावर आलेला, पाणी पाठीवरून न्यायचं, आणि हा खारवलेली सुकट घेऊन वाळवंटात चाललाय. खोलीभर वास सुटला होता. सगळे हसून हसून लोळले. तूही हसलास, हे मात्र खरं.

ईदच्या सुट्टीत निघालास. पासपोर्टावर शिक्का होता, सगळं रीतसर होतं. तू चोरासारखा गेला नव्हतास, हे मी गावी कळवलंही होतं. पण माणूस हौसेनं एवढं चालतो, यावर आपल्या गावात कोण विश्वास ठेवणार? त्यात पोलिसांनी सांगितलं की मय्यत वाटेवर नव्हती, वाटेपासून कोसभर बाजूला होती. झालं! तिथूनच त्या बाईचा जन्म झाला. तिला कपडे, दागिने, दोन मुलंसुद्धा दिली आहेत लोकांनी. भाभी नळावर गेली की बायका बोलायच्या थांबतात. आणि मी इथे बसून ‘त्यानं वाट का सोडली, मला माहीत नाही’ असं तीन पत्रांतून लिहिलं.

खोटं लिहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी तू तो पुठ्ठा घेऊन माझ्याजवळ बसलास. चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बू नासरनं वाट काढून दिली होती. जहरा सोडल्यावर ती वाट खाडीच्या काठानं भलताच मोठा वळसा घेत होती. मी लॉरीतून जाताना ती जागा पाहिली होती, वर पांढरं मीठ आलेली सपाट ओली जमीन. बू नासरनं बजावलं होतं की तिथे उंट पाय घालत नाही. आठवतं मी काय म्हणालो? म्हणालो, हे तर खाजण, भरतीच्या पाण्याचा चिखल; उंटाला ते काय कळणार? आपण खाडीकाठची माणसं. शाळेत जाताना ओहोटी बघून रोज खाजणातून सरळ पलीकडे जायचो, वळसा घालायचा तो परक्यांनी. आणि पेन्सिल घेऊन तुझ्या पुठ्ठ्यावर मी एक सरळ रेघ मारली. म्हणालो, इथून काढ, अर्धा दिवस वाचेल.

तू रेघेकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. म्हणालास, “खरा आहे तुझा.”

मला किती बरं वाटलं होतं, भाई! दिवसभर छाती फुगवून फिरलो मी.

ते खाजण नव्हतं. आपल्याकडे चिखलाखाली घट्ट तळ लागतो, चिपीच्या झाडांची मुळं असतात, पाय रुततो पण थांबतो. तिथे वर नुसता मिठाचा पापड आणि खाली लगदा. चिखलातल्या खुणांवरून पोलिसांनी सांगितलं, तू कमरेपर्यंत गेलास. बाहेर यायला पाठीवरची पिशवी टाकावी लागली तुला, आणि पाणी तिच्यातच होतं. बाहेर आलास, एका पायात बूट नव्हता. दोन दिवसांनी एका मेंढपाळाला दिसलास. मी ओळख पटवायला गेलो तेव्हा तो मेंढपाळ तिथेच बसून होता, तुला एकटं सोडून तो गेला नव्हता.

तुझ्या खिशातला पुठ्ठा पोलिसांनी मला दिला. मी तो खोलीवर आणून स्टोव्हवर जाळला. भाभीची अब्रू त्यात होती, हे मला तेव्हा कळलं नाही असं लिहिणार होतो. पण आज खोटं नको. थोडं कळलं होतं.

दफनाला बू नासर आला होता. त्यानं विचारलं, त्याला तिकडून जायला कुणी सांगितलं? मी मूठभर माती द्यायला पुढे सरकलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. हल्ली तो मला कॉफीला बोलवत नाही.

आणि तू! उभ्या आयुष्यात तू माझं एकदाही ऐकलं नाहीस. चांगलं सांगितलं तेव्हा नाही, रडून सांगितलं तेव्हा नाही. ऐकलंस ते नेमकं हेच? एवढा शहाणा होतास, तर तेव्हाही ‘गप बस’ का म्हणाला नाहीस मला? एकदा म्हणायचं होतंस, भाई. मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो.

रजा मिळाली आहे. पुढच्या जुम्म्याला बोट सुटते. पत्रातून सांगता येईल, पण मग मला तिचं तोंड बघावं लागणार नाही, म्हणून पत्र लिहीत नाही. आधी तिच्या ओट्यावर जाईन. तिच्या वडिलांना बोलावीन, मोहल्ल्यातल्या चार माणसांना बोलावीन, आणि सगळ्यांसमोर सांगेन. भाभी मला दारातून हाकलेल कदाचित. आई तर माझं तोंड बघेल की नाही, ठाऊक नाही. तरीही सांगेन, हा माझा शब्द आहे. भाभी, त्या वाटेला बाई कुणीच नव्हती. तिकडे त्याला मी पाठवलं.

तुझ्यावर अजून रागावलेला,
तुझा धाकटा
दाऊद