फौजदारासाठी पार्सल

ता. ९ डिसेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

सोबत पार्सल पाठवतो आहे. चॉकलेटांचा डबा तुमचा, बाकी सगळं फौजदाराचं. यंदा सुट्टीत येणं जमत नाही, निदान वस्तू तरी वेळेवर पोचाव्यात. सुट्टीभर इस्पितळाच्या लिफ्ट सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात पडलं आहे. बाकीच्यांना घरी मुलंबाळं आहेत, याला काय, असं साहेब तोंडाने म्हणाले नाहीत, पण मला ते ऐकू आलं.

ही गेल्यानंतरची पहिलीच वर्षअखेर. दर वर्षी फौजदाराची खरेदी हीच करायची, मी नुसता पिशव्या धरून उभा असायचो. त्यामुळे यंदा दुकानात माझा अगदी मोरू झाला. शेवटी सगळ्यात रंगीत दिसलं ते रबरी बदक उचललं. दाबलं की ओरडतं. म्हाताऱ्या कुत्र्याला तेवढीच करमणूक.

माझ्या पाळ्यांमुळे तो तुमच्याकडे ठेवावा लागला याची रुखरुख आहेच. पोस्टमनची झडती अजून घेतो का? तुमचे गुडघे काय म्हणतात? लोकांचे कपडे उसवून शिवून देता देता स्वतःला उसवून घेऊ नका.

माया आहे तशी राहू द्यावी.
आपला,
जावई


ता. १८ डिसेंबर

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र शांतपणे वाचा. फौजदार जिवंत आहे.

पार्सल आलं त्या दिवशी स्वारी खूश होती. बदक तोंडात धरून घरभर गस्त चालली होती. मी एका कोटाचं अस्तर बदलत बसले होते. ओरडणं थांबलं तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. उठून पाहिलं तर बदकाचं पोट फाडलेलं आणि आतली शिट्टी गायब. दुसऱ्या दिवशी जे पोटात जाईल ते उलटून पडू लागलं. शेजारच्या शिक्षकांनी गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून प्लास्टिकची शिट्टी काढली आणि माझ्यासमोर ताटलीत ठेवली. एवढीशी वस्तू, पण आतडं अडवून बसली होती.

त्यांनी मला फैलावर घेतलं. चावून फोडता येईल असं खेळणं कुत्र्याला एकटं देऊच नये म्हणाल्या. घरात चॉकलेटं आहेत का, असंही विचारलं. कुत्र्याला ती विषासारखी, हे मला ठाऊक नव्हतं. एखादं मी त्याला दिलंच असतं.

आता तो घरी आहे, पण अन्नाला शिवत नाही. कोमट रस्सा बोटाने ओठांना लावला तरी मान फिरवतो. दिवसभर दाराकडे तोंड करून पडून असतो. तुम्हाला बोल लावत नाही. बदक तुम्ही पाठवलंत, पण घरात तर मी होते ना.

प्रकृतीला जपा.
तुमची,
आई


ता. २२ डिसेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र कामावर असताना वाचलं. दुपारभर कामात लक्ष नव्हतं. शेवटी मदतनिसाने हातातला पाना काढून घेतला आणि मला बाहेर बसवलं.

इस्पितळासमोर चष्म्याचं दुकान आहे. तिथे भिंगं घासून बसवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं विचारत गेल्या. कुत्रा वस्तू चघळतो की फोडतो, दात किती उरलेत, खेळायला आवडतं की नुसतं कुणाजवळ बसायला आवडतं. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो आमच्या घरात होता, पण त्याचं सगळं हीच पाहायची.

आई, या बाईंबद्दल आणखी लिहायचं आहे. उन्हाळ्याआधी आम्ही लग्न करायचं ठरवतो आहोत. हे समोर बसून सांगायला हवं होतं. ड्यूटी आहे हे खरं, पण मागितली असती तर सुट्टी मिळालीही असती. तुमच्या दारात उभं राहून हे कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून मागितली नाही. आधीच हे संकट, त्यात माझी ही बातमी, पण आणखी लांबवलं असतं तर ती तुम्हाला परक्याकडून कळली असती.

फौजदारासाठी काय पाठवू ते कळवा. या वेळी विचारल्याशिवाय काही घेणार नाही.

रागवा, पण तोडू नका.
आपला,
जावई


ता. २६ डिसेंबर

चि. जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यावर लगेच उत्तर लिहायला बसले नाही. बसले असते तर नको ते लिहिलं असतं.

तुम्ही लग्न करू नये असं मी कोण म्हणणार? तुमचं वय काय, समोर आयुष्य किती. हे सगळं मला कळतं. शेजारच्या बाईंना तर मीच हे समजावून सांगितलं, आणि घरी येऊन कपाट आवरायच्या निमित्ताने रडले. पत्रात तुम्ही अजून माझ्या लेकीलाच ‘ही’ म्हणता. आता तो शब्द दुसऱ्या कुणाचा होईल. तसाच व्हायला हवा, पण मला थोडा वेळ लागेल.

फौजदार खंगत चालला आहे, नुसता सलाईनवर तगून आहे. टाके सुकले आहेत, आता त्याने स्वतः खाल्लं पाहिजे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याच्या ओळखीच्या वासाचं काही असेल तर जवळ ठेवा म्हणाल्या. मी माझ्या लेकीचे सगळे कपडे धुऊन ठेवले, तेव्हा असं काही मनातही आलं नव्हतं. मी विणलेला तिचा तपकिरी स्वेटर तुमच्याकडे आहे. तो अजून धुतला नसेल, आणि देववत असेल, तर पाठवा. नसेल देववत तर तसं कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही.

तुमची,
आई


ता. २९ डिसेंबर

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही आणि पहिलंच पत्र मी असं लिहिते आहे, क्षमा असावी. स्वेटर मी पाठवते आहे. तुमच्या जावयांनी तो कपाटातून काढला, पिशवीची गाठ सोडली, आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. पाठवायचा आहे, पण माझ्या हातून बांधला जाणार नाही, तू बांध, असं म्हणाले.

मी तो धुतलेला नाही, झटकलासुद्धा नाही. माझा वास लागू नये म्हणून कामाचे नवे हातमोजे घालून घडी केली. बटणं मात्र काढली आहेत. फौजदाराने पुन्हा काही गिळलं तर दुसरं ऑपरेशन झेपायचं नाही. खिशाजवळ एक धागा लोंबत होता, तोही कापला. आमच्याकडे एक मांजर होती, ती दोरा गिळून गेली, तेव्हापासून मला धाग्यादोऱ्याची धास्ती आहे. तुम्ही विणलेल्या वस्तूला न विचारता कात्री लावली, याचं मनाला लागलं आहे. बटणं चष्म्याच्या डबीत घालून वेगळी पाठवली आहेत, ती तुमची.

त्याने खाल्लं तर दोन ओळी त्यांना लिहा. जेवताना ते सारखं टपाल आलं का विचारतात.

आपली नम्र,
भिंगं घासणारी


ता. ४ जानेवारी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

स्वेटर पोचला. खरं सांगते, आधी मीच तो तोंडाशी धरला. वास होता. थोडा होता, पण होता. फौजदार उठून माझ्या पायाशी आला, आणि त्याच्या वाटणीचं आपण संपवतो आहोत असं वाटून मी तो खाली ठेवला.

त्याने नाक आत खुपसलं, बाहीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी मी रस्सा पुढे केला तेव्हा त्याने चार घोट चाटले. सकाळी पुन्हा. काल मऊ भात खाल्ला आणि पोस्टमनवर एकदा, उगाच कर्तव्य म्हणून, भुंकला. डॉक्टरीणबाई अजून खात्री देत नाहीत. वय झालं आहे, बरा झाला तरी फार दिवस नाही, हे मलाही दिसतं.

कात्री लावलीस ते योग्य केलंस. स्वेटर विणणारी मी, पण बटणांचं माझ्याही ध्यानात आलं नसतं.

लग्नाला मी येणार नाही. त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस आणि त्यांनाही काढू देऊ नकोस. तिथे माझी नजर तुझ्याऐवजी दुसऱ्याच कुणाला शोधत राहील, आणि त्या दिवशी तुझ्यावर तो अन्याय होईल. नंतर दोघं घरी या. फौजदार तुझ्यावर भुंकेल. लगेच हात पुढे करू नकोस, नुसती बसून राहा, त्याचा तो येईल.

आणि मला ‘बाई’च म्हण. ‘आई’ इतक्यात नको. पुढचं पुढे पाहू.

तुझी,
बाई