मुळांवरचे पांढरे धागे

सोमवार, ४ तारीख
आज रोपवाटिकेत रुजू झाले. स्वारी खूश! राहायला मागचीच खोली, खिडकीतून आठही वाफे दिसतात. कामही आवडीचं: मातीतली मित्रबुरशी वाढवायची, रोपांना लावायची, नोंदी ठेवायच्या. माळीणमावशींनी टोमॅटोचं रोप उपटून दाखवलं. मुळांना कापसासारखे पांढरे धागे. मुळं पोचत नाहीत तिथून हे धागे पाणी नि स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात, बदल्यात रोपाकडून साखर घेतात. मावशी म्हणाल्या, जावयापेक्षा बरी, खाते तेवढं देते तरी.

शनिवार, ९
सातव्या वाफ्याचा नळ पाच दिवस बंद, तरी रोपं तरारलेली. हे प्रमाणाबाहेर आहे, असं साहेबांना तीनदा सांगितलं. पीक चांगलं आलं म्हणून तक्रार करणारी तुम्ही पहिलीच, म्हणाले. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बुधवार, १३
मावशींच्या टाचेच्या भेगांत पांढरे धागे! ओढले तर निघेनात. मावशींना त्याचं काहीच नाही. उलट गुडघेदुखी थांबली म्हणतात. तीन दिवस डबा आणलेला नाही, भूकच लागत नाही म्हणे. दवाखान्यात चला म्हणून हातापाया पडले. ऐकतील तर शपथ. दुपारी सातव्या वाफ्यात अनवाणी उभ्या होत्या. तासभर. न हलता.

शुक्रवार, १५
त्या वाफ्यातलं एक रोप कापलं. पलीकडच्या शेडमध्ये मावशी किंचाळल्या. धावत गेले. मनगट धरून बसलेल्या, जखम कुठेच नाही.
बुरशीनाशक मागितलं. भांडारवाला म्हणतो, साहेबांची सही आणा. साहेब म्हणतात, रोगच नाही तर औषध कशाला? पालथ्या घड्यावर पाणी!

शनिवार, १६
मावशींच्या लेकीला बोलावलं. आईचा तजेला पाहून ती हरखलीच. मी टाच दाखवली. मातीच लागलीय, म्हणाली. वर मलाच, "ताई, तुम्ही जरा झोप घ्या." सगळं जग आंधळं, की मीच?

रविवार, १७
मावशी घरी गेल्याच नाहीत. वाफ्यात. घोट्यापर्यंत मातीत. तजेला गेला — गाल आत, हात काटक्या. रोपांना फळं लागलीत, अवेळी, लालभडक. कुणाच्या साखरेवर, ते —
साहेब फोटो काढायला आले. मावशींना म्हणाले, जरा बाजूला व्हा. त्या झाल्या नाहीत. होताच येईना. साहेब दुसऱ्या बाजूने फोटो काढून गेले.

सोमवार, १८
सकाळपासून खणतेय. धागा तोडला की मावशी ओरडतात. नाही तोडला तर — दोन्हीकडून मरण. शेवटी त्याच म्हणाल्या, "तोड, पोरी. माझ्याकडे बघू नकोस."
एक पाय सुटला.

दुपार
दुसराही. मावशी माझ्या मांडीवर. श्वास चालू आहे. लेकीला फोन केला, या वेळी ऐकलं तिने, गाडी घेऊन निघालीय. मावशींना फाटकापर्यंत उचलून न्यायचं. उठायला गेले तर गुडघे — सकाळपासून मातीत टेकलेले — निघत नाहीत. पुन्हा ओढून बघते. मावशी का ओरडल्या? मी तर माझाच धागा —