माय एरंडोलला गेली आहे

नाना, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. चेहरा मात्र लगेच येतो. सावद्याच्या घराच्या ओसरीवर तुम्ही बसला आहात, समोर केळीचे व्यापारी, आणि त्यांच्यातला कुणीतरी विचारतो, "वहिनी दिसत नाहीत?" तुम्ही पानाला चुना लावता लावता, मान वर न करता सांगता, "एरंडोलले गेली. तिची माय बिमार हाये." त्या वेळी माय आपल्याच मळ्यात, विहिरीजवळच्या खोलीत खोकत असायची. एरंडोलची आजी तर मी शाळेत जायच्या आधीच वारली होती. एका मेलेल्या बाईला तुम्ही वर्षानुवर्षं आजारी ठेवलंत. भाऊबंदांना खरं काय ते ठाऊक असेलही. पण तोंडावर कुणी बोललं नाही, आणि तुम्हाला तेवढं पुरेसं होतं.

मायचा खोकला सुरू झाला तेव्हा मी दहावीत होते. दिवसा ती बरी असायची, दिवस मावळला की छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला आणि म्हणाले, टीबी असू शकतो, पण आधी जळगावला नेऊन थुंकी आणि रक्त तपासून घ्या. यातला 'पण आधी' मला फार उशिरा कळला, मायकडून. घरात आम्हाला फक्त टीबी कळला. "जयगावले गेलं की निम्मं गाव भेटते," तुम्ही तिला म्हणाला होतात. "कोणी पाह्यलं तर मोठीची सोयरीक होईन का?" म्हणून जळगाव राहिलं, आणि मायची रवानगी मळ्यातल्या खोलीत झाली. डॉक्टरही तुमच्यापुढे दुसऱ्यांदा बोलले नाहीत. इंजेक्शनं सुरू झाली, कंपाउंडर सायकलवर मळ्यात जाऊन टोचून यायचा, आणि खोकला होता तिथेच राहिला. मायला मात्र हळूहळू कमी ऐकू यायला लागलं. मी हाक मारली तर ती भलतीकडेच बघायची. त्या इंजेक्शनांनी कानाची नस जाते, हे मी पुढे वर्गात बसून शिकले, बाकीच्या मुलामुलींसारखी मान खाली घालून लिहून घेत.

ताईचं लग्न तुम्ही थाटात केलंत. त्यात काही कमी होती असं मी म्हणणार नाही. कन्यादानाला काका-काकू बसले. काकूच्या अंगावर मायचा शालू होता. मांडवात पंगती बसायच्या आधी मी डब्यात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी घेऊन मळ्यात गेले. माय नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून दारात उभी. मळ्यापर्यंत बँडचा आवाज स्वच्छ येत होता, आणि ती मला विचारते, "वाजंत्री लागली का वं?" मी मान हलवली. "मंग आता अक्षता पडत असतीन," ती म्हणाली. तिने हळद लावलेले तांदूळ मुठीत धरून ठेवले होते. गावाकडे तोंड करून तिने ते केळीच्या वाफ्यात टाकले, हात जोडले, आणि मग जेवायला बसली. बट्टी चांगली झाली आहे म्हणाली. मी परत आले तेव्हा तुम्ही व्याह्यांना सांगत होतात की तिच्या माहेरी फारच कठीण प्रसंग आहे, नाहीतर अशा दिवशी कोणती आई थांबेल.

मला धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. घरी येता-जाता एसटी एरंडोलला थांबायची. मी खिडकीतून स्टँडवरच्या बायका बघत राहायची. लोकांच्या लेखी माझी आई इथे होती. दुसऱ्या वर्षी आम्हाला रक्ताच्या काचपट्ट्या बघायला शिकवलं. पांढऱ्या पेशींत इओसिनोफिल नावाची एक जात असते. शंभरात जेमतेम दोन-चार, पोटात नारिंगी दाणे भरलेली, दिसायला फार देखणी. दिवाळीच्या सुट्टीत मी मायचं बोट टोचलं, थेंब काचेवर पसरून वाळवला आणि ती काच रुमालात गुंडाळून धुळ्याला आणली. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर जिकडे बघावं तिकडे नारिंगी. मला वाटलं, रंगच चुकला. मी सरांना बोलावलं.

सर बराच वेळ बघत राहिले. "कुणाचं रक्त आहे?"

"गावाकडच्या एका पेशंटचं. टीबीची औषधं चालू आहेत."

"थुंकीत जंतू सापडले होते?"

"थुंकी तपासलीच नाही, सर."

ते माझ्याकडे वळले. "खोकला रात्रीचा असतो? छाती वाजते?" मी हो म्हटलं. "मग हा टीबी नाही. डासातून शिरलेल्या हत्तीपायाच्या जंतूंवर शरीर नको इतकं चवताळलंय. गोळ्या साध्या आहेत. महिन्याच्या आत फरक पडेल. त्यांना इतके दिवस कुणी आणलं कसं नाही?"

मी काच पुन्हा रुमालात गुंडाळायला लागले. त्यांनीच मग तपासण्या लिहून दिल्या. मामांना बोलावून घेऊन मी मायला धुळ्यात आणलं, तुम्हाला न विचारता. सरांचं म्हणणं खरं निघालं. गोळ्या संपता संपता माय रात्रभर झोपायला लागली. खोकला गेला. कान गेले ते गेलेच.

तिला परत मळ्यात सोडून तुम्हाला सांगायला आले तो दिवस. तुम्ही ओसरीवर एकटेच होतात.

"नाना, मायला टीबी नव्हताच."

"हळू बोल."

"बरी झाली ती. साध्या गोळ्यांनी बरी झाली."

"झाली ना बरी? चांगलं झालं." तुम्ही रस्त्याकडे बघितलंत. "पण आता लगेच आणलं तर लोकं इचारतीन, कुठी होती इतके दिवस. मोठीचं पह्यलं बायतपण होऊ दे."

नाना, डॉक्टर चुकतात, मीही चुकते. जळगावला नेलं नाहीत, त्यालाही मी कधीतरी भीती म्हणू शकले असते. पण ती बरी झाल्याचं ऐकून तुम्ही रस्त्याकडे बघितलंत, ते मला आजही गिळता येत नाही. ताईला मुलगा झाल्यावर तुम्ही मळ्यात जीप पाठवलीत आणि माय घरी आली. आली तशी ती चुलीपाशी कामाला लागली. तुम्हाला मात्र साधं पाणी मागायलाही तिच्यावर ओरडावं लागायचं, आणि तुमचा तो ओरडा रस्त्यापर्यंत जायचा. तुम्ही गेलात तेव्हा ती खूप रडली. मला तिचाच राग आला.

मी पुढे त्याच पेशींचा अभ्यास केला. त्या फुप्फुसात शिरतात, हृदयाच्या आतल्या अस्तराला चिकटतात, शरीराचं रक्षण करायला धावतात आणि शरीरच पोळून काढतात. कशामुळे चवताळतात आणि कशाने शांत होतात, यात माझं आयुष्य गेलं. लोक म्हणतात, मॅडम, हाच विषय का घेतलात? मी म्हणते, दिसायला देखण्या असतात म्हणून.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तरी एक सांगून टाकते. दरवर्षी नव्या मुलांना मी एका बाईची गोष्ट सांगते. सावद्याकडची, टीबी समजून उपचार झालेली. ती माझी आई, हे सांगत नाही. शेवटी मुलं विचारतात, मॅडम, तिला मोठ्या दवाखान्यात आणलं कुणी? आणि मी दरवर्षी सांगते, तिच्या नवऱ्याने. लोकांची पर्वा न करता, पहिल्याच आठवड्यात घेऊन आला. असं सांगताना, नाना, मला बरं वाटतं.